खुर्चीतून उठू नकोस

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर निमिषची आई खुर्चीतून उठली तेव्हा आजूबाजूच्या चारदोन लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. चाकांची खुर्ची, ती ढकलणारा उंचापुरा माणूस, मांडीवर पर्स आणि पर्सवर घट्ट धरलेले दोन्ही हात, असा सगळा थाट दारातून बाहेर आला. समोर अनिका दिसली मात्र, आई ताडकन उठली, पदर खोचला आणि तरातरा चालत येऊन तिनं नातीला पोटाशी धरलं. "बघा बघा, आमच्या आईला अमेरिका कशी लाभली! उतरल्याबरोबर पाय फुटले!" निमिष मोठ्यानं म्हणाला आणि सगळे हसले. आसावरीनं नेमका तेव्हाच फोटो काढला. पुढे सासूबाई, मागे रिकामी खुर्ची. तो फोटो घरच्या ग्रुपवर कितीतरी दिवस फिरत होता.

आता यात लपवण्यासारखं काही नाही. अमेरिकेत आईवडिलांना बोलावणाऱ्या आपल्या बहुतेक घरांना ही युक्ती ठाऊक असते. तिकीट काढताना 'व्हीलचेअर हवी' या चौकोनात बरोबरची खूण करायची. पाय चांगले ठणठणीत का असेनात! इंग्रजी बोलायचं संकट, बदलणारं गेट, काउंटरपलीकडचा तो भुवया चढवणारा साहेब, या सगळ्यातून खुर्ची माणसाला अलगद पार करते. फ्रीमाँटच्या मित्रमंडळात तर निमिष या विषयातला तज्ज्ञच होता. कुणाचे आईवडील यायचे झाले की पहिला फोन त्याला. आणि तोही दरवेळी उत्साहानं सांगायचा, की खूण तर कराच, पण त्यांना बजावून सांगा, मध्येच उठायचं नाही. उठून चालताना दिसले की ते लोक म्हणणार, यांना तर चालता येतं, आणि देणार सोडून भलत्याच कोपऱ्यात.

आईलाही त्यानं हेच सांगितलं होतं. एकदा नाही, निघायच्या आदल्या दिवसापर्यंत रोज. "आई, काही झालं तरी खुर्चीतून उठू नकोस."

आई, म्हणजे गिरिजाबाई, नागपूरला महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली. रोज सकाळी अंबाझरीला फेरी मारायची, आणि रामटेकच्या पायऱ्या चढताना मागे राहिलेल्या तरण्याताठ्यांना वरून हाका मारायची. निमिषचे बाबा, एकनाथराव, गेले आणि तिच्या दुपारी अंगावर यायला लागल्या. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या मीनाक्षीमावशीनं तिला कोरियन मालिकांचा नाद लावला. हिंदीत डब केलेल्या, फोनवरच्या. दोघी एकच भाग आपापल्या घरी बघायच्या आणि मग जिन्यात बसून त्यावर भांडायच्या. गोष्ट जाऊ दे, आईचा जीव अडकला तो राजवाड्यांत. त्या छपरांच्या खालच्या अंगाला, वाशांवर, तुळयांवर, हिरव्या-निळ्या-तांबड्या रंगांची जी बारीक नक्षी असते, तिच्यासाठी ती चित्र थांबवून ठेवायची आणि चष्मा फोनला टेकवून कागदावर उतरवून घ्यायची. एका दिवाळीला तिनं दारात तीच नक्षी रांगोळीत घातली होती. सोसायटीतल्या बायकांना वाटलं, काहीतरी दाक्षिणात्य असावं.

"निमिष, मला तिकडं बोलावशील तेव्हा कोरियावरून बोलाव," असं तिनं म्हटलं ते काही लहर म्हणून नव्हे. मीनाक्षीमावशीची भाची तिथं विमान बदलायला थांबली असताना विमानतळाच्याच लोकांनी तिला बसमध्ये घालून राजवाडा दाखवून आणला होता. थांबलेल्या प्रवाशांसाठी अशा सहली असतात म्हणे. "उभ्या उभ्या बघून येईन रे. त्या छपराखाली उभं राहून एकदा वर बघायचंय, बास."

"हो हो, बघू," निमिष म्हणाला होता.

या 'बघू'ला आपल्याकडे वाटाण्याच्या अक्षता म्हणतात. पण निमिषच्या बाजूनं एवढं म्हणायला हवं, की त्यानं तिकीट खरंच सोलवरून काढलं. मध्ये जवळजवळ अख्खा दिवस मोकळा मिळत होता. आणि त्याच बैठकीत, सवयीनं, त्यानं खुर्चीच्या चौकोनातही खूण केली. राजवाडा एका हातानं दिला आणि दुसऱ्या हातानं काढून घेतला, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. सॉफ्टवेअरमध्ये असली चूक एखाद्या ज्युनिअरनं केली असती तर त्यानं त्याला उभं-आडवं घेतलं असतं.

विमानतळावरून घरी येताना त्यानं गाडीत विचारलं, "मग? पाहिलास का राजवाडा?"

"नाही रे बापा. राहिलं."

"का गं? वेळ तर चिक्कार होता."

"नाही जमलं." आई खिडकीतून बघत म्हणाली.

तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. तो संपला तेव्हा फ्रीमाँटची एक्झिट आली होती, आणि निमिष म्हणाला, "डोंट वरी. जाताना मीच येतो तुझ्याबरोबर. चार दिवस राहू, सगळं नीट बघू." त्या क्षणी तो ते मनापासून बोलला होता, यात शंका नाही. मनापासून बोलणं फार सोपं असतं.

तो वसंत मात्र आजी-नातीनं गाजवला. अनिका दहा वर्षांची. ती त्याच मालिका इंग्रजी अक्षरं वाचत बघायची आणि आजी हिंदीत. एकाच सोफ्यावर दोघींच्या कानांत इअरफोनची वेगवेगळी बोंडं आणि रडणं मात्र एकाच वेळी. आजीनं मोठ्या ड्रॉइंग पेपरवर कोरियाचा नकाशा काढला. वर राजवाडा, उजवीकडे सोराक्सानचा डोंगर, त्याच्यावर लाल पानांची झाडं. आणि तळाला समुद्रात जेजू बेट, तिथं भलीमोठी संत्री. जेजूला संत्र्यांच्या बागा आहेत हे कळल्यापासून आईला तिथं जायचंच होतं. "नागपूरच्या संत्र्यापुढे त्यांची काय टाप लागणार! पण खाल्ल्याशिवाय कसं म्हणायचं?" अनिकानं जागांची नावं इंग्रजीत लिहिली आणि नकाशा फ्रिजवर लावला. पाणी प्यायला गेलं की कोरिया समोर.

निमिष त्या नकाशाकडे बघायचं टाळायला लागला. कारण देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येण्यासाठी त्याला पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का हवा होता, आणि त्या शिक्क्यासाठी गेलेले लोक तिकडेच अडकून पडत होते. त्याच्याच टीममधली एक मुलगी लग्नाला म्हणून पुण्याला गेली आणि अजून परतली नव्हती. कंपनीच्या वकिलानं स्वच्छ सांगितलं, सध्या हलू नका. हे त्याला आई आल्यावर थोड्याच दिवसांत कळलं होतं. आईला सांगायला त्यानं पार उन्हाळा आणला. रोज वाटायचं, आज सांगू, मग फ्रिजवरचं ते लालभडक झाड दिसायचं आणि तो पाणी पिऊन परत फिरायचा.

शेवटी सांगितलं तेव्हा आई पोळ्या लाटत होती. "असू दे रे. नोकरी आधी," ती म्हणाली. पोळी तव्यावर टाकली, उलटली, आणि मग जरा वेळानं, जणू आत्ताच सुचल्यासारखं म्हणाली, "पण मी सोलवरूनच जाईन हं. एकटीच जाऊन येईन त्या बसमधून. तेवढं फक्त कर. या वेळी तिकिटात खुर्ची घालू नकोस."

"बरं," निमिष म्हणाला. का, ते त्यानं विचारलं नाही. इतका वेळ गळ्याशी अडकलेलं एकदाचं बोलून झालं, याच आनंदात तो होता.

जूनमधल्या एका सकाळी आईच्या हातून चहाचं भांडं पडलं. आसावरी धावली तेव्हा आई ओट्याला धरून उभी होती आणि पडलेल्या भांड्याकडे नवलानं बघत होती. मग तीही खाली बसली, आणि तिचा ओठ एका बाजूला ओघळला. अर्धांगाचा झटका. हॉस्पिटल लवकर गाठलं म्हणून बोलणं वाचलं. जरा सावकाश, पण स्पष्ट बोलायची. डावा हात थोडा हलायला लागला. डावा पाय मात्र परत आला नाही. व्यायाम शिकवायला येणारी बाई फार चांगली होती. ती दर वेळी "ग्रेट जॉब, गिरिजा!" म्हणायची, आणि आई तिची समजूत काढावी तशी तिच्याकडे बघून हसायची.

परतीचं तिकीट काढायची वेळ आली. सोलचं नाव आता कुणी काढलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोहून थेट मुंबई, पुढे नागपूर, सोबतीला आसावरी, कारण तिच्या शिक्क्याची मुदत अजून बाकी होती आणि निमिषला तर हलता येत नव्हतं. स्क्रीनवर तो चौकोन आला. निमिषनं आजवर त्यात किती जणांच्या आईवडिलांसाठी हसत खूण केली असेल! या वेळी त्याचं बोट माउसवरच राहिलं. इंजिनिअर माणूस, शकुन-अपशकुन मानणाऱ्यातला नाही. तरी मनात आलंच, की आपण खोटं सांगितलं आणि कुणीतरी ते खरं धरलं. हात दाखवून अवलक्षण, ते हेच. त्यानं खूण केली आणि लॅपटॉप मिटला.

घंटेची बातमी आणली अनिकानं. लॉस एंजेलिसजवळ सॅन पेद्रोला, समुद्रावरच्या टेकडीवर, कोरियानं अमेरिकेला भेट दिलेली एक प्रचंड घंटा आहे. आणि तिच्यावर छप्पर आहे, थेट राजवाड्यासारखं. "सेम पेंटिंग, आजी! लुक!" तिनं फोन पुढे केला. आईनं चष्मा लावून बघितलं आणि तिचा उजवा हात नकळत नक्षीच्या रेघेवरून फिरला.

"आई, जायचं का?" निमिषनं विचारलं.

"दुधाची तहान ताकावर," आई म्हणाली. मग त्याचा पडलेला चेहरा बघून म्हणाली, "चल. ताकही काही वाईट नसतं."

खरं तर हे वरातीमागून घोडं होतं, आणि ते निमिषलाही कळत होतं. पण काहीतरी केल्याशिवाय त्याला राहवत नव्हतं. शुक्रवारी त्यानं सुट्टी टाकली, आईची खुर्ची डिकीत घातली आणि गाडी दक्षिणेकडे काढली. पुढे तो आणि आसावरी, मागे आजी-नात. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना बदामाच्या बागा आणि मध्येच गुरांच्या गोठ्यांचा उग्र वास. अनिकानं नाक दाबलं. आई म्हणाली, "अगं, शेणाचा वास आहे. काही होत नाही त्यानं."

वाटेत प्रसन्नचा फोन आला. प्रसन्न निमिषचा ऑफिसातला मित्र, शेजारच्याच गल्लीत राहणारा. गाडीच्या स्पीकरवर त्याचा आवाज घुमला. "निम्या, आई येतेय यार पुढच्या महिन्यात. एकटीच. व्हाया सोल बुक केलंय. मध्ये मोठा लेओव्हर आहे. व्हीलचेअर टाकू ना?"

"अरे, डोळे झाकून टाक," निमिष म्हणाला. जीभ आपसूक वळली. हे वाक्य त्यानं इतक्यांदा म्हटलं होतं की त्याला विचार करावाच लागत नव्हता.

"तिला म्हणजे चालता वगैरे येतं रे व्यवस्थित. पर्वती चढते अजून."

"सगळ्यांच्याच आईला येतं रे. सेफ्टीसाठी टाकायची. फक्त तिला सांगून ठेव, मध्येच उठू नका म्हणावं. नाहीतर पंचाईत."

"डन. थँक्स यार."

आसावरीनं त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. निमिषला आरशात आई दिसली. तिनं डोळे मिटले होते. झोपली असेल, असं त्यानं धरून चाललं. धरून चालण्यात निमिषचा हात कुणी धरला नसता.

शनिवारी सकाळी ते टेकडीवर पोचले. वारा नुसता भणाणत होता. खाली निळाभोर समुद्र, हिरवळीवर पतंग उडवणारी पोरं, आणि मधोमध दगडी चौथऱ्यावर ते छप्पर. लाल खांब, वर उचललेली टोकं, आणि खाली काळपट हिरवी, माणसाच्या दुप्पट उंचीची घंटा. निमिषनं खुर्ची उलगडली, आईला उचलून बसवलं आणि फरसबंदीवरून ढकलत नेली. चौथऱ्याशी पायऱ्या लागल्या. फार नव्हत्या. रामटेकच्या पायऱ्या चढणाऱ्या बाईनं त्या बोलता बोलता चढल्या असत्या.

खालून घंटा दिसत होती, खांब दिसत होते. नक्षी मात्र छपराच्या पोटाला. तिची नुसती कड दिसत होती. ती बघायची तर वर जाऊन, छपराखाली उभं राहून, मान मागे टाकायला हवी होती.

चौथऱ्यावर चार-पाच म्हाताऱ्या कोरियन बायका होत्या. डोक्यावर रुंद काठांच्या टोप्या, पायात दणकट बूट, हातात डबे. त्यातल्या एकीला आई दिसली. आईची नजर कुठे आहे तेही तिला दिसलं असावं. ती पायरीपर्यंत आली, छताकडे बोट दाखवलं, आणि हातानं खूण केली, ये, वर ये.

आईनं उजव्या हातानं आपल्या गुडघ्यावर हलकेच दोनदा थोपटलं, मान हलवली आणि हसली.

ती बाई "ओऽ" म्हणाली, छातीवर हात ठेवून वाकली आणि परत आपल्या मैत्रिणींत गेली. आईचा हात गुडघ्यावरच राहिला. ती त्या हाताकडे बघत होती, आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आजारपणातही ती निमिषसमोर रडली नव्हती. तो घाबरून खाली बसला. "आई, काय होतंय? दुखतंय का?"

"नाही रे. असंच केलं होतं मी. अगदी असंच."

"कुठे?"

"तिथं. सोलला."

आणि मग तिनं सांगितलं, सावकाश, शब्द जुळवत. सोलच्या विमानतळावर तिला खुर्चीतून नेलं आणि खुर्च्यांच्या एका रांगेत ठेवून दिलं. समोरच ते सहलीचं टेबल होतं. योगायोग म्हण. एक पोरगी हातात राजवाड्याचा फोटो घेऊन माणसं गोळा करत होती. तिनं आईला त्या फोटोकडे टक लावून बघताना पाहिलं आणि ती आपणहून जवळ आली. "पॅलेस? पॅलेस?" म्हणाली. बसमध्ये जागा होती. आईच्या पायात मीनाक्षीमावशीबरोबर जाऊन मुद्दाम घेतलेले बूट होते, राजवाड्यात चालायला म्हणून.

"मी पायांकडे बघितलं. मग गुडघ्यावर असं थोपटलं आणि नाही म्हटलं. बिचारीला फार वाईट वाटलं रे. माझ्या खांद्यावर हात ठेवला तिनं. कुठून तरी गरम पाणी आणून दिलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. धडधाकट बाई मी, आणि ती माझी दया करतेय. मग ती सगळ्यांना घेऊन गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा मी तिथंच होते. मधे पाण्याला, बाथरूमला, सगळीकडे खुर्चीतूनच. एका बाईच्या हातात कागदी पंखा होता, तिथून आणलेला. त्याच्यावर तीच नक्षी होती."

निमिष महिनोन्महिने तिच्यासोबत एका घरात राहिला होता. रोज सकाळी ती त्याचा डबा भरायची. का जमलं नाही, एवढा एक प्रश्न विचारायला त्याला वेळ झाला नव्हता. विचारलं असतं तर मे महिन्यात, एप्रिलमध्ये, केव्हाही, कसंही करून त्यानं... पण काय केलं असतं ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

अनिका खुर्चीच्या हाताला धरून सगळं ऐकत होती. तिच्या कपाळावर आठी पडली. "बट आजी, यू कुड वॉक देन. व्हाय डिडन्ट यू जस्ट स्टँड अप?"

आईनं तिच्याकडे पाहिलं. "तुझ्या बाबानं सांगितलं होतं, उठू नको म्हणून."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. पोरीनं विचारलं, तिनं खरं ते सांगितलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं निमिषला वाटलं. त्यानं तोंड फिरवलं, आणि आसावरीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मी उचलून नेतो तुला वर," तो एकदम म्हणाला. "चल, आई. चारच तर पायऱ्या आहेत."

"नको."

"अगं, काही जड नाहीस तू."

"नको म्हटलं ना, निमिष. मला तिथं उभं राहून बघायचं होतं. तू उचलून धरणार आणि मी तुझी कंबर मोडेल म्हणून घाबरत बघणार. राहू दे."

शेवटी अनिकाच वर पळाली. घंटेच्या बाजूला फरशीवर सपशेल उताणी झोपली आणि तिनं छताचे फोटो काढले. त्या कोरियन बायका हसल्या, एकीनं तिच्या तोंडावर येणारे केस बाजूला केले. खाली येऊन तिनं फोन आजीच्या हातात दिला. आईनं चष्मा पुढे घेतला. निळ्या पाकळ्या, हिरव्या वेली, मध्ये तांबडं कमळ. तिनं दोन बोटांनी चित्र मोठं केलं, लहान केलं. नागपूरच्या दुपारी जेवढ्या स्क्रीनवर बघायची तेवढ्याच स्क्रीनवर, समुद्राच्या वाऱ्यात, खऱ्या छपरापासून हाकेच्या अंतरावर, ती पुन्हा तीच नक्षी बघत होती.

"छान आहे," ती म्हणाली. "निळा रंग मालिकेत वेगळा दिसतो."

"घंटा वाजवत नाहीत का?" आसावरीनं उगीच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"रोज नाही वाजवत," निमिष म्हणाला. "ठरावीक दिवशीच."

आईनं फोन अनिकाला परत दिला, नाक पुसलं आणि पदर सारखा केला. मग तिनं त्याला जवळ बोलावलं. निमिष पुन्हा तिच्या खुर्चीशी उकिडवा बसला. आता ती आपल्याला माफ करणार, असं त्याला वाटलं. ते आपल्याला सोसणार नाही, असंही वाटलं.

"प्रसन्नला फोन कर," आई म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ताच. नंतर राहून जातं. त्याच्या आईला सांग म्हणावं, खुर्ची घेतलीस तर घे. पण कुणी चल म्हटलं, तर उठ."

निमिषनं खिशातून फोन काढला. प्रसन्नचं नाव सापडायला त्याला वेळ लागला, कारण अक्षरं नीट दिसत नव्हती. पलीकडे रिंग वाजत राहिली, आणि आई फोन उचलला जायची वाट बघत त्याच्या तोंडाकडे बघत होती.